जानेवारीत बसणारी बॅटरी आणि गाडीचे इतर बिघाड

ग्वाल्हेरमध्ये मे-जूनच्या दुपारी पारा ४५ अंशांपुढे जातो आणि जानेवारीच्या धुक्याच्या पहाटे तो ५ अंशांखाली उतरतो. माणसे कूलर लावून आणि रजई ओढून या दोन्ही टोकांतून निभावून नेतात; वाड्याच्या फाटकाशी किंवा रस्त्याकडेला उभ्या असलेल्या मोटारीला मात्र दोन्ही टोके उघड्यावर सोसावी लागतात. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात थंडीचा पहिला कडाका पडला की सकाळी गल्लोगल्ली सेल्फचे रडके आवाज ऐकू येतात, नव्या बॅटरीसाठी धावाधाव होते आणि सगळा दोष थंडीच्या माथी मारला जातो.

वस्तुतः ती बॅटरी जूनमध्येच खलास झालेली असते. गाडीतील शिसे-आम्लाच्या बॅटरीचे आयुष्य उष्णता खाते. तिचे तापमान सतत १० अंशांनी जास्त राहिले तर आयुष्य जवळजवळ निम्म्यावर येते, असा या क्षेत्रातील ठोकताळा आहे, कारण आतील पट्ट्यांची झीज आणि पाणी उडून जाणे या दोन्ही गोष्टी उष्णतेने वेग घेतात. उन्हाळ्यात हा दुबळेपणा झाकला जातो, कारण तेव्हा इंजिनातील ऑइल पातळ असते आणि सेल्फला फारसा जोर लावावा लागत नाही. थंडीत ऑइल घट्ट होते, सेल्फ जास्त करंट मागतो आणि नेमक्या त्याच वेळी गारठलेली बॅटरी तो कमी देऊ शकते. म्हणून बॅटरीची तपासणी जानेवारीत नव्हे, तर दिवाळीच्या सुमारास करून घेणे शहाणपणाचे असते. बॅटरीच्या दुकानात लोड देऊन ती किती तग धरते हे काही मिनिटांत पाहता येते.

गाडीच्या बहुतेक बिघाडांची हीच रीत आहे. बिघाड जिथे दिसतो तिथे तो झालेला असतोच असे नाही, आणि जेव्हा दिसतो तेव्हाच सुरू झालेला असतो असेही नाही. ही गोष्ट लक्षात न घेता एकामागून एक भाग बदलत गेले की आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशी गत होते. त्यामुळे ‘कोणता भाग खराब आहे’ हा प्रश्न शेवटी विचारावा. आधी ‘हे नेमके केव्हा होते’ ते पाहावे. इंजिन थंड असताना होते की गरम झाल्यावर? गाडी उभी असताना, की विशिष्ट वेगाला? वळताना, ब्रेक दाबताना, चढावर, की खड्ड्यात? आणि हे सुरू होण्याच्या आधी गाडीत काय बदलले होते, म्हणजे सर्व्हिसिंग झाले होते, टायर बदलले होते, पावसाच्या पाण्यातून गाडी गेली होती, की म्युझिक सिस्टिम नवी बसवली होती? एवढ्या प्रश्नांची उत्तरे हाती असतील तर निम्मे निदान पैसा खर्च न होता झालेले असते.

सेल्फ लागत नाही तेव्हा

‘गाडी सुरू होत नाही’ या एका वाक्यात चार वेगळ्या तक्रारी दडलेल्या असतात. सेल्फ जोरात फिरतो पण इंजिन पेट घेत नाही, तेव्हा बॅटरीला दोष देण्यात अर्थ नसतो. अडचण इंधनाच्या पुरवठ्यात, ठिणगीत किंवा एखाद्या सेन्सरमध्ये असते. चावी फिरवल्यावर ‘टक-टक-टक’ असा भराभर आवाज येतो आणि डॅशबोर्डवरील दिवे मिणमिणतात, तेव्हा बॅटरी उतरलेली असते किंवा तिच्या टर्मिनलवरची पकड ढिली झालेली असते. एकदाच ‘टक्’ असा आवाज येऊन पुढे शांतता पसरते, तेव्हा संशय सेल्फच्या मोटरवर किंवा तिच्या जाड तारांवर जातो. काहीच आवाज येत नसेल तर आधी क्लच पूर्ण दाबला आहे का, ऑटोमॅटिक गाडी पार्किंगमध्ये किंवा न्यूट्रलमध्ये आहे का, आणि चावीची ओळख पटवणाऱ्या यंत्रणेचा दिवा लुकलुकत आहे का हे पाहावे.

यातील पहिली चाचणी फुकट आहे. रात्री किंवा अंधाऱ्या गॅरेजात हेडलाइट लावून समोरच्या भिंतीवर प्रकाश पाडावा आणि सेल्फ मारावा. प्रकाश एकदम मंदावला तर बॅटरीत दम नाही. प्रकाश तसाच प्रखर राहिला आणि तरीही सेल्फ फिरला नाही, तर बॅटरीतील वीज सेल्फपर्यंत पोहोचतच नाही.

दुसऱ्या चाचणीसाठी मल्टिमीटर लागतो. तो काही शे रुपयांत मिळतो, आणि ज्याच्याकडे चार वर्षांहून जुनी गाडी आहे त्याने तो घरात ठेवावाच असे माझे मत आहे. गाडी रात्रभर उभी राहिल्यानंतर बॅटरीच्या दोन टोकांमध्ये १२.६ व्होल्टच्या आसपास आकडा आला तर ती पूर्ण भरलेली आहे, १२.२ म्हणजे साधारण निम्मी, आणि १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. सेल्फ फिरत असताना हा आकडा सहसा ९.६ च्या खाली जाऊ नये. इंजिन सुरू झाल्यावर तो साधारण १३.८ ते १४.४ दाखवावा, कारण आता अल्टरनेटर बॅटरी भरू लागलेला असतो. अलीकडच्या काही गाड्यांत संगणक इंधन वाचवण्यासाठी अल्टरनेटरचे काम मधूनमधून कमी करतो आणि आकडा खाली येतो. तो बिघाड नव्हे. पण हेडलाइट आणि पंखा लावूनही आकडा १२.५ वरून हलत नसेल, तर नवी बॅटरी आणली तरी ती दोन-चार दिवसांत उतरणार, कारण ती भरणारे यंत्रच थकलेले असते.

खरे घोडे पेंड खाते ते अर्थिंगपाशी. बॅटरीची काळी तार गाडीच्या पत्र्याला आणि इंजिनला जोडलेली असते, आणि लाल तारेतून गेलेली सगळी वीज याच वाटेने परत येते. दौलतगंजात आमच्या ओळखीच्या एका काकांच्या जुन्या हॅचबॅकला वर्षभरात दोन बॅटऱ्या बसवून झाल्या होत्या आणि तरीही सकाळी सेल्फ अडखळत होता. प्रत्येक वेळी ‘बॅटरी बैठ गई है साहब’ एवढेच निदान मिळाले होते. मीटर लावला तेव्हा बॅटरी १२.६ दाखवत होती आणि सेल्फ मारतानाही ११ च्या खाली जात नव्हती. हा आकडाच बोलका होता: सेल्फ खरोखर करंट ओढत असता तर तो याहून बराच खाली गेला असता. मग मीटरची एक सुई बॅटरीच्या ऋण टोकावर आणि दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर टेकवून काकांना सेल्फ मारायला सांगितले. तार चांगली असेल तर इथे फार तर ०.२ ते ०.३ व्होल्ट दिसावेत. दिसले जवळजवळ दोन. म्हणजे सेल्फच्या वाट्याचे दोन व्होल्ट परतीच्या वाटेवरच खर्च होत होते. गिअरबॉक्सजवळ जिथे ती तार बोल्टने बसवलेली होती तिथला बोल्ट काढला, तर वॉशरखाली हिरवट पांढरा गंज साचलेला. पॉलिश पेपरने दोन्ही पृष्ठभाग घासून, बोल्ट आवळून, वर थोडे ग्रीस लावल्यावर तोच आकडा ०.१ वर आला, आणि सेल्फ पहिल्याच चावीला फिरला.

दर काही दिवसांनी उभ्या गाडीची बॅटरी आपोआप उतरत असेल तर गोष्ट वेगळी. गाडी बंद करून कुलूप लावल्यावरही घड्याळ, अलार्म आणि संगणक थोडा करंट घेतच राहतात. तो साधारण ५० मिलिअँपिअरपेक्षा कमी असावा. एवढ्यानेसुद्धा दिवसाला १.२ अँपिअर-तास जातात आणि छोट्या गाडीची ३५ अँपिअर-तासांची बॅटरी पंधरवड्यात निम्मी होते. दिवाळीला पुण्याला जाऊन तीन आठवड्यांनी परत आल्यावर गाडी सुरू झाली नाही, तर त्यात बिघाड असेलच असे नाही. पण चुकीच्या तारेवर जोडलेला डॅशकॅमेरा किंवा डिकीत जळत राहिलेला दिवा जर २५० मिलिअँपिअर घेत असेल, तर तेच काम तीन दिवसांत उरकते. ही गळती शोधण्यासाठी मीटर बॅटरीच्या ऋण तारेच्या मध्ये जोडून, गाडीचा संगणक झोपी जाईपर्यंत अर्धा तास थांबावे, आणि मग एकेक फ्यूज काढून पाहावा. ज्या फ्यूजबरोबर आकडा पडतो त्या वाटेवर चोर आहे. मीटर मध्ये असताना सेल्फ मात्र चुकूनही मारू नये, कारण तेवढा करंट मीटरला सोसत नाही.

दुसऱ्या गाडीवरून केबल लावून सुरू करण्याचा क्रमही सांगून ठेवतो, कारण घाईत तो हमखास चुकतो. लाल केबल आधी उतरलेल्या बॅटरीच्या धन टोकाला, मग चांगल्या बॅटरीच्या धन टोकाला. काळी केबल चांगल्या बॅटरीच्या ऋण टोकाला, आणि तिचे शेवटचे टोक बंद गाडीच्या बॅटरीला नव्हे, तर तिच्या इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर लावावे. शेवटच्या जोडणीत ठिणगी उडते आणि बॅटरीतून हायड्रोजन वायू निघत असतो, म्हणून हे अंतर.

गाडी गरम होते, पण कुठे?

उन्हाळ्यातील सर्वांत महागडी तक्रार इंजिन गरम होण्याची. इथेही ‘केव्हा’ या प्रश्नानेच वाट सापडते. महाराज बाडा चौकातल्या कोंडीत एसी लावून उभे असताना काटा वर चढतो आणि गाडी मोकळ्या झाशी रोडला लागताच खाली येतो, तर संशय रेडिएटरच्या पंख्यावर. धावत्या गाडीला समोरून वारा मिळतो. उभ्या गाडीला तो पंख्यालाच द्यावा लागतो, आणि एसीच्या जाळीची उष्णता रेडिएटरवर आणखी भर घालते. बहुतेक गाड्यांत एसी लावताच पंखा फिरायला हवा. तो फिरत नसेल तर फ्यूज, रिले, मग मोटर या क्रमाने पाहावे, कारण स्वस्तापासून महागाकडे जाण्याचा तोच क्रम आहे.

याच्या उलट, गावात गाडी ठीक राहते आणि आग्र्याच्या हायवेवर शंभराच्या वेगाला काटा चढू लागतो, तर पंखा निर्दोष आहे. जास्त वेगाला इंजिन जास्त उष्णता निर्माण करते आणि ती वाहून नेण्याइतके कूलंट फिरत नाही: रेडिएटरच्या नळ्या आतून चोंदलेल्या असतील, वॉटर पंपाची पाती झिजली असतील, किंवा कूलंटच कमी असेल. आपल्याकडे रेडिएटर चोंदण्याचे नेहमीचे कारण म्हणजे बोअरिंगचे पाणी. ज्या जड पाण्याने घरातील गीझरचा रॉड पांढरा होतो, तेच पाणी कूलंटच्या जागी वर्षानुवर्षे ओतले गेले की नळ्यांच्या आत तोच थर बसतो. कूलंट महाग वाटत असेल तर निदान शुद्ध केलेले पाणी वापरावे. पण खरे तर कूलंटच वापरावे, कारण ते गंज रोखते आणि उकळबिंदूही वाढवते.

रेडिएटरच्या झाकणाकडे कोणी लक्ष देत नाही, वास्तविक त्याचे काम प्रेशर कुकरच्या शिट्टीचे असते. आतील दाब साधारण १ बारने वाढू देऊन ते निम्मे पाणी आणि निम्मे कूलंट असलेल्या द्रवाचा उकळबिंदू १२५ अंशांच्याही वर नेते. झाकणाची रबरी गादी खराब झाली की दाब टिकत नाही, आणि ज्या तापमानाला इंजिन एरवी मजेत चालले असते त्याच तापमानाला कूलंट उकळून बाहेर पडते. या झाकणाची किंमत रेडिएटरच्या तुलनेत क्षुल्लक आहे, तरीही ते बदलून पाहण्याआधी रेडिएटर बदलण्याची बोलणी सुरू होतात. हेच झाकण गरम इंजिनवर उघडले तर दाब एकदम सुटतो, द्रव क्षणात वाफ होऊन उसळतो आणि हात-तोंड भाजते; म्हणून वरचा पाइप हाताला सहज धरता येईपर्यंत झाकणाला हात लावू नये.

थर्मोस्टॅटविषयी जरा स्पष्ट बोलतो. इंजिन साधारण ८२ ते ८८ अंशांना पोहोचेपर्यंत हा छोटा व्हॉल्व्ह कूलंटला रेडिएटरकडे जाऊ देत नाही, आणि मग उघडतो. तो बंद अवस्थेत अडकला तर सुरू केल्यावर थोड्याच वेळात काटा वर चढतो, आणि रेडिएटरचा एक पाइप तापलेला व दुसरा थंड लागतो. आपल्या भागातील अनेक मिस्त्री यावर ‘वॉल ही निकाल दो, गाड़ी ठंडी रहेगी’ असा रामबाण सांगतात. गाडी थंड राहते, हे खरे; पण जानेवारीत ती गरमच होत नाही. मग संगणक इंजिन थंड आहे असे समजून जास्त पेट्रोल पाजत राहतो, ॲव्हरेज पडते, हीटर कोमट वारा फेकतो आणि ऑइलमध्ये ओल साचते. व्हॉल्व्ह बिघडला असेल तर नवा बसवावा, काढून टाकू नये.

रस्त्यात काटा लाल खुणेकडे जाऊ लागला तर एसी बंद करावा, हीटर पूर्ण गरमवर आणि पंखा जोरात ठेवावा. मे महिन्यात हे जिवावर येते, पण हीटर म्हणजे एक छोटा रेडिएटरच असतो आणि तो इंजिनची उष्णता आत ओढून घेतो. काटा तरीही उतरला नाही तर गाडी कडेला घेऊन इंजिन बंद करावे. ‘पाच किलोमीटरच तर राहिले’ या हिशेबाने पुढे गेल्यास हेड, म्हणजे इंजिनचा वरचा भाग, वाकते, त्याखालची गॅस्केट ही सील उडते आणि शेकड्यांचे काम हजारांत जाते. गॅस्केट उडाल्याची खूण म्हणजे गरम इंजिनवरही सायलेन्सरमधून सतत येणारा, गोडसर वासाचा पांढरा धूर, कुठेही गळती न दिसता कमी होत जाणारे कूलंट, किंवा ऑइलच्या झाकणाखाली कॉफीच्या रंगाचा फेस. फक्त थंडीत, छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीच्या झाकणाखाली थोडा फेस ओलाव्यानेही जमतो, तेव्हा त्या एकाच खुणेवरून घाबरून जाऊ नये.

इंजिनचा पिवळा दिवा

डॅशबोर्डवर इंजिनच्या चित्राचा पिवळा दिवा लागला की दोन टोकाच्या प्रतिक्रिया दिसतात: काही जण महिनोन्‌महिने त्याकडे दुर्लक्ष करतात, आणि काही जण स्कॅनरने जो कोड दाखवला तो भाग त्याच दिवशी बदलतात. दिवा स्थिर असेल तर गाडी सावकाश चालवून सोयीने तपासून घेता येते. तो लुकलुकत असेल तर एखाद्या सिलिंडरमध्ये ठिणगी चुकते आहे आणि न जळलेले पेट्रोल सायलेन्सरमधील धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरपर्यंत जाऊन त्याला जाळते आहे. तेव्हा वेग तत्काळ कमी करून गाडी थांबवावी.

स्टिअरिंगच्या खाली असलेल्या १६ पिनांच्या सॉकेटला छोटा स्कॅनर लावून मोबाइलवर कोड वाचता येतो. पण कोड म्हणजे लक्षण असते, निदान नव्हे. ‘पी ०१७१’ हा नेहमी भेटणारा कोड घ्या. त्याचा अर्थ एवढाच की हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते आहे असे संगणकाला वाटते. ही बातमी ऑक्सिजन सेन्सरने दिलेली असते, म्हणून पुष्कळदा तो बिचारा सेन्सरच बदलला जातो, जो केवळ खरे बोलत होता. कारण एखादा तडकलेला रबरी पाइप असू शकतो, ज्यातून चोरटी हवा शिरते. हवा मोजणाऱ्या सेन्सरवर धूळ बसलेली असू शकते. किंवा पेट्रोल पंप दुबळा झालेला असू शकतो.

यांतले कोणते, हे पुन्हा ‘केव्हा’वरूनच कळते. संगणक पेट्रोल किती टक्के वाढवतो आहे हा आकडा, ज्याला फ्युएल ट्रिम म्हणतात, स्कॅनरवर पाहावा. गाडी उभी असताना तो मोठा असेल आणि इंजिन २५०० फेऱ्यांवर नेताच खाली येत असेल, तर चोरटी हवा शिरते आहे, कारण उभ्या इंजिनात हवाच थोडी लागते आणि त्यात ती चोरटी भर मोठी ठरते. याउलट चढावर किंवा वेगात आकडा वाढत असेल तर पेट्रोलचा पुरवठा अपुरा आहे किंवा हवेचा सेन्सर खोटे मोजतो आहे. ‘पी ०४२०’ या, कन्व्हर्टर नीट काम करत नाही असे सांगणाऱ्या, कोडवर कन्व्हर्टरच बदलायला सांगितले जाते, आणि तो गाडीतील अतिशय महागड्या भागांपैकी एक आहे. त्याआधी सायलेन्सरच्या जोडाला गळती आहे का आणि इंजिन मिसिंग करते का हे पाहण्याचा आग्रह धरावा. कोडबरोबर संगणक ‘फ्रीझ फ्रेम’ही साठवतो: बिघाडाच्या क्षणी इंजिनचे तापमान किती होते, वेग किती, फेऱ्या किती. कोड पुसला की हा दाखलाही जातो, म्हणून पुसण्याआधी स्क्रीनचा फोटो काढून ठेवावा.

जुन्या वस्तीत राहणाऱ्यांनी आणखी एक संशयित ध्यानात ठेवावा, तो म्हणजे उंदीर. थंडीत रात्री नुकत्याच बंद केलेल्या इंजिनची ऊब त्याला हवीशी वाटते आणि तारांवरचे आवरण तो सहज कुरतडतो. अचानक, आदल्या दिवशी काहीही लक्षण नसताना, सकाळी दोन-तीन दिवे एकदम लागले आणि गाडी झटके देऊ लागली, तर स्कॅनरआधी बोनेट उघडून टॉर्च मारावा. तंबाखूची पाने ठेवण्याचा उपाय सगळे सांगतात. उष्णतेने त्यांचा वास उडून जातो, त्यामुळे माझा त्यावर फारसा भरवसा नाही.

आवाज, थरथर, क्लच आणि ब्रेक

आवाजाचे निदान लिहून सांगणे अवघड, पण काही जोड्या पक्क्या आहेत. स्टिअरिंग पूर्ण वळवून चालताना ‘कट-कट’ येते ती एक्सलच्या सीव्ही जॉइंटची. त्याचे रबरी बूट फाटून धूळ आत गेलेली असते. वेगाबरोबर वाढणारी घोंघों टायरची असू शकते किंवा बेअरिंगची: हलक्या वळणावर ती कमी-जास्त झाली तर बेअरिंग, आणि पुढचे टायर मागे टाकल्यावर आवाजही मागे गेला तर टायर. ८० ते १०० च्या वेगाला स्टिअरिंग थरथरते पण ब्रेक न दाबता, तर चाकांचे बॅलन्सिंग. फक्त ब्रेक दाबल्यावर थरथरते, तर डिस्क असमान झिजलेली. गाडी एका बाजूला ओढते तेव्हा अलाइनमेंटच्या आधी चारही टायरांतील हवा तपासावी. आणि थोडे चालवून उतरल्यावर एका चाकाजवळ हात नेताच जास्त धग जाणवली, तर त्याचा ब्रेक अडकलेला असतो.

क्लचची परीक्षा पाहायला ग्वाल्हेरकरांना लांब जावे लागत नाही. किल्ल्यावर उरवाई गेटच्या बाजूने चढताना एक्सलरेटर दाबल्यावर इंजिनचा आवाज वाढतो पण गाडी त्या मानाने वर जात नाही, आणि जळका वास येतो, तर क्लचप्लेट घसरते आहे. उतरताना मात्र परीक्षा ब्रेकची. तिथे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनच्या ओढीने उतरावे, कारण सतत दाबून ठेवलेल्या ब्रेकमुळे ब्रेक ऑइल तापते. हे ऑइल हवेतील ओल शोषून घेते. डॉट ४ प्रतीच्या नव्या ऑइलचा उकळबिंदू किमान २३० अंश असतो, तर ओल शोषलेल्या ऑइलचा १५५ पर्यंत घसरू शकतो. ते उकळले की नळीत वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल मऊ लागून खाली जाते. म्हणूनच ब्रेक चांगले लागत असले तरी दर दोन वर्षांनी हे ऑइल बदलायचे असते. पॅड संपत आल्यावर आधी बारीक चीं-चीं येते; ती मुद्दाम बसवलेली धातूची पट्टी असते. खरखर सुरू झाली म्हणजे ती सूचना वाया गेली आणि आता डिस्कचाही खर्च आहे.

धुराचे थोडक्यात: निळसर म्हणजे ऑइल जळते आहे, काळा म्हणजे इंधन जास्त किंवा हवा कमी, आणि आपल्या धुळीच्या रस्त्यांवर काळ्या धुराचे पहिले कारण चोंदलेला एअर फिल्टर असते. थंडीत सकाळी निघणारी पांढरी वाफ, इंजिन तापताच थांबत असेल तर, निव्वळ वाफ असते.

घरी ज्या कामांना हात लावू नये ती अशी: एअरबॅगच्या पिवळ्या वायरी, हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीच्या केशरी केबल, आणि एसीचा गॅस. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली तर कोणत्याही कामासाठी शिरू नये.

मिस्त्रीकडे गेल्यावर ‘जरा बघून घ्या’ असे म्हणून चावी देण्याची आपली पद्धत आहे, आणि तिथूनच अंदाजाने भाग बदलण्याला सुरुवात होते. त्याऐवजी ‘सकाळी पहिल्यांदा सुरू केल्यावर पाच मिनिटे झटके देते, गरम झाल्यावर देत नाही, पेट्रोल भरल्यानंतर जास्त’ असे वाक्य लिहूनच द्यावे. कोणताही महागडा भाग बदलण्याआधी ‘हा खराब आहे हे कशावरून?’ असे नम्रपणे विचारावे. चांगला मिस्त्री मीटरचा आकडा किंवा उघडलेला भाग दाखवतो आणि त्याला या प्रश्नाचा राग येत नाही. जुना भाग परत मागून घ्यावा.

थंडीतल्या सकाळचा बिघाड दुपारच्या उन्हात गॅरेजात दिसत नाही, आणि तो दिसला नाही की ‘गाडी तो ठीक है’ असे उत्तर मिळते. अशा वेळी गाडी आदल्या संध्याकाळी गॅरेजात सोडावी आणि दुसऱ्या दिवशी पहिला सेल्फ मिस्त्रीच्या समोर मारावा. दुरुस्तीनंतरही तीच परिस्थिती पुन्हा निर्माण करून पाहावी: कोंडीत तापणारी गाडी कोंडीतच, चढावर मिसिंग करणारी चढावरच. पिवळा दिवा विझला एवढ्यावर काम झाले असे धरू नये, कारण कोड पुसल्यावर संगणकाला सगळ्या तपासण्या पुन्हा करायला थंड आणि गरम, गावातल्या आणि हायवेच्या अशा काही फेऱ्या लागतात. तेवढी गाडी चालवून झाल्यावर आठवड्याभराने पुन्हा एकदा स्कॅन करून घ्यावे, आणि तोवर बिलाचा कागद जपून ठेवावा.